अल्टरनेटरमधल्या डायोडरावांस खुले पत्र

रा. रा. डायोडराव यांस,
मु. पो. अल्टरनेटर, इंजिनच्या पुढच्या अंगाला, पट्ट्याजवळ.

स. न. वि. वि.

आधी अभिनंदन स्वीकारा. तुमचा देह बोटाच्या पेराएवढा. पण अडीच टनांहून जड पिकअपला तुम्ही सरळ रस्त्यावर हिसके द्यायला लावलेत, आणि शिक्षा भलत्यालाच व्हावी अशी तजवीजही करून ठेवलीत. इतकं सफाईदार काम हल्ली क्वचित बघायला मिळतं.

तुमच्या पराक्रमाची नोंद राहावी म्हणून लक्षणं लिहून ठेवतो. गाडी डॉज रॅम २५००, मॉडेल १९९९ चं. इंजिन कमिन्सचं, ५.९ लिटर, चोवीस व्हॉल्व्हचं डिझेल. त्याच्या मागे ४७आरई नावाचं चार गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. गावाबाहेरचा सपाट रस्ता, वेग ताशी ४५ मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तरच्या आसपास. अॅक्सिलरेटरवर पाय अलगद टेकवलेला. मागे ट्रेलर नाही, समोर चढ नाही. आणि टॅकोमीटरचा काटा आपला २००-३०० ने वर जातोय, खाली येतोय, पुन्हा वर जातोय. गाडी ओढते, सोडते, ओढते, सोडते. शेजारी बसलेल्या माणसाला वाटावं, चालवणाऱ्याला गाडी येत नाही. पाय जोरात दाबला की सगळं सुतासारखं सरळ. हलका केला की तमाशा पुन्हा सुरू.

हे सगळं घडतंय इंडियानातल्या कोलंबसमध्ये. कमिन्सचं हे मूळ गाव. कंपनी १९१९ साली इथेच सुरू झाली, आणि रॅममध्ये बसणारं हे इंजिनही गावाच्या दक्षिणेकडच्या कारखान्यात तयार व्हायचं. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली १९६२ साली, तेव्हापासून कोथरूड आणि कोलंबस ही एकाच घराची दोन दारं. त्यामुळे इथे गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद कमी पडेल एक वेळ, डिझेल इंजिनावर मत देणारा माणूस कमी पडत नाही. गाडीला हिसके बसतात म्हटल्यावर मतांचा पाऊस पडला. इंजिनवाल्यांनी बोट दाखवलं ट्रान्समिशनकडे, ट्रान्समिशनवाल्यांनी दाखवलं इंजिनकडे. डायोडराव, तुमच्याकडे एकानेही दाखवलं नाही. हेच तुमचं खरं यश.

मग गाडी गेली एका ट्रान्समिशनच्या दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही. नावात काही नाही, असली दुकानं गावोगावी आहेत. तिथल्या गृहस्थांनी गाडीचं बॉनेट उघडलं नाही, चक्कर मारली नाही. लक्षणं ऐकली आणि निकाल दिला: टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप गेला. ट्रान्समिशन खाली उतरवा, नवा कन्व्हर्टर टाका, आता उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह बॉडी आणि क्लच प्लेटाही बदलून घ्या. खर्च काही हजार डॉलर. ‘आता उघडलंच आहे तर’ या चार शब्दांवर जगातली निम्मी गॅरेजं चालतात, असा माझा बरेच दिवसांचा संशय आहे.

ज्याच्यावर तुम्ही हे बालंट आणलंत, त्या टॉर्क कन्व्हर्टरची आणि तुमची ओळख नसेल. एकाच गाडीत राहून शेजाऱ्याचं तोंड न बघण्याची पद्धत तुमच्याकडेही असणारच. हा प्राणी मूळचा जर्मन. हरमान फोटिंगर नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समजा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी ऑइल असतं. इंजिन एक चाक फिरवतं, ते ऑइल फेकतं, त्या ऑइलच्या माऱ्याने दुसरं चाक फिरतं आणि ते गिअरबॉक्सला जोडलेलं असतं. दोघांच्या मधे स्टेटर नावाचं तिसरं चाक बसतं. ते परतणाऱ्या ऑइलची दिशा वळवतं आणि गाडी जागेवरून हलताना इंजिनची ताकद वाढवून देतं. लोखंडाला लोखंड कुठेच घट्ट धरलेलं नाही, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून उभं राहता येतं.

पण याच सुखाची किंमत पुढे मोजावी लागते. रस्त्याला लागल्यावर दुसरं चाक पहिल्याच्या थोडं मागेच राहतं, ती तूट ऑइलमध्ये उष्णता होऊन बसते आणि डिझेल उगाच जळतं. म्हणून कन्व्हर्टरच्या पोटातच एक क्लच घातला. ठरावीक वेगाला तो लागतो आणि दोन्ही चाकं एकजीव होतात. हाच लॉकअप. अमेरिकेत पॅकार्डने तो १९४९ मध्ये आणला, डॉज ज्यांची, त्या क्रायस्लरने १९७८ च्या मॉडेलांपासून. तुमच्या-माझ्या रॅममध्ये तो तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये लागतो. लागला की काटा दोनशे-तीनशेने खाली येतो, सुटला की तेवढाच वर जातो. म्हणजे माझ्या गाडीत लॉकअप लागतही होता आणि सुटतही होता. प्रश्न एवढाच होता की त्याला सोडायला सांगत कोण होतं.

दुकानातल्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर त्यांचे काही हजार डॉलर गेले असते.

तर ऐका, लॉकअप स्वतःहून काही करत नाही. व्हॉल्व्ह बॉडीवर एक सोलेनॉइड असतो. त्याच्या एका टोकाला बारा व्होल्ट हजर असतात. दुसरं टोक संगणकाच्या हातात. संगणकाने ते अर्थ केलं की ऑइलचा दाब क्लचवर जातो आणि लॉकअप लागतो; सोडलं की सुटतो. संगणक हा हुकूम देतो तो गाडीचा वेग, इंजिनचं तापमान, ब्रेकचा स्विच आणि मुख्य म्हणजे अॅक्सिलरेटरच्या सेन्सरचा निरोप पाहून. तो सेन्सर पाच व्होल्टच्या हिशेबात बोलतो. अर्ध्या व्होल्टच्या आसपास म्हणजे पाय उचललेला, चारच्या जवळ गेला म्हणजे पाय जमिनीला टेकलेला. मधल्या थोड्याशा फरकाने संगणकाचं मत बदलतं.

इथे तुमचा प्रवेश होतो. प्रवेश तरी कसला, तुम्ही आधीपासून पडद्याआड बसलेलेच होतात.

अल्टरनेटर मुळात ए.सी. करंट तयार करतो, तीन फेजचा. गाडीला हवा असतो डी.सी. मधे तुम्ही सहा भाऊ बसलेले; करंटला एकाच दिशेने जाऊ द्यायचं, उलटं फिरू द्यायचं नाही, एवढंच काम. तुमचं घराणं जुनं आणि प्रतिष्ठित. पूर्वी मोटारींत डायनामो असायचा. आमच्याकडचे जुने मिस्त्री अल्टरनेटरलाही अजून डायनामोच म्हणतात. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि १९६० च्या व्हॅलियंट गाडीत क्रायस्लरने अल्टरनेटर बसवला, पुढच्याच वर्षी आपल्या सगळ्या गाड्यांत. म्हणजे ज्या घराने तुम्हांला आसरा दिला, त्याच घराच्या गिअरबॉक्सवर तुम्ही खोटी तक्रार नोंदवलीत. कृतज्ञता असावी तर अशी.

सहांतल्या एकाने, म्हणजे तुम्ही, राखणदारी सोडली. पूर्ण मेला असतात तर बरं झालं असतं. दिवा लागला असता, बॅटरी उतरली असती, तुम्ही त्याच दिवशी सापडला असतात. पण तुम्ही फक्त गळायला लागलात. अर्धवट शिस्त आणि वरून हजेरी पूर्ण. उरलेल्या पाच भावांनी ओझं उचललं, मीटरवर चौदा व्होल्ट दिसत राहिले, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा विझलेला राहिला. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, त्यामुळे रात्रभर तुमच्यातून झिरपून गेलेलं सकाळी जाणवतही नाही. आणि चौदा व्होल्टच्या त्या साजूक आकड्यावर ए.सी. ची एक बारीक लहर स्वार होऊन गाडीच्या साऱ्या वायरिंगमध्ये फिरायला लागली.

ती लहर सेन्सरच्या निरोपात मिसळली. माझा पाय जागचा हलला नव्हता. संगणकाला मात्र दिसलं की चालकाचा पाय थरथरतोय, दाबतोय, उचलतोय. पाय उचलला म्हणून त्याने लॉकअप सोडला. क्षणात पाय पुन्हा स्थिर दिसला म्हणून लावला. त्याने समोर आलेल्या कागदपत्रांवरून निर्णय दिला. कागदपत्रं तुम्ही बनावट जोडलीत. कन्व्हर्टर बिचारा हुकमाचा ताबेदार. सोड म्हटलं की सोडतो, धर म्हटलं की धरतो. फासावर तोच चढणार होता.

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या या चोवीस व्हॉल्व्हच्या रॅममध्ये तुमच्या जमातीचा हा उद्योग अमेरिकेतल्या डिझेलवाल्यांना चांगला ठाऊक आहे. लोकांनी उपायही केले. सेन्सरच्या तारांना स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. हसू नका, काहींना गुण आला. फॉइलने तारांना आडोसा मिळतो. कुणी अल्टरनेटरच्या तारेवर फिल्टर चढवला, कुणी संगणकाची अर्थिंगची तार अल्टरनेटरच्या तारेपासून लांबून, वेगळी करून थेट बॅटरीवर आणली. अर्थिंग स्वच्छ आणि वेगळी असावी हे माझंही मत आहे आणि ते काम करून घेण्यासारखंच आहे. पण फॉइल आणि फिल्टर लावून तुम्हांला आत तसंच बसू देणं मला पटत नाही. गळणारा डायोड उद्या जास्त गळतो. तेव्हा फॉइलचा दुसरा थर चढवायचा का?

आता तुम्ही पकडले कसे गेलात ते सांगतो. ते तुम्हांला ऐकवण्यात मला विशेष आनंद आहे.

पहिली गोष्ट, आरोपी कन्व्हर्टरची साक्ष. काटा स्थिर असेल त्या क्षणी उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकचं पेडल नुसतं टेकवायचं. ब्रेकचा स्विच लागला की संगणक लॉकअप सोडतो. काटा टुणकन वर गेला, पाय काढल्यावर खाली आला. म्हणजे लॉकअप लागलेला होता आणि क्लच धरत होता.

दुसरी गोष्ट निर्णायक. सोलेनॉइडच्या संगणकाकडच्या तारेवर बारा व्होल्टवर चालणारा एक छोटा एलईडी जोडायचा, दुसरं टोक बारा व्होल्टला, आणि तो ड्रायव्हरसमोर चिकटवायचा. मोठा बल्ब नको, संगणकावर उगाच भार येतो. संगणक लॉकअपचा हुकूम देतो तेव्हा दिवा लागतो. आता गाडी त्याच रस्त्यावर न्यायची. दिवा स्थिर आहे आणि काटा मात्र वर चढतोय, तर हुकूम पक्का असून क्लच स्लिप मारतोय. मग दुकानदार खरा आणि पाकीट उघडावं. दिवाच काट्याबरोबर लुकलुकत असेल, तर हुकूम डगमगतोय आणि गिअरबॉक्स निर्दोष आहे. माझा दिवा लुकलुकला. ज्या निदानापायी ट्रान्समिशन जमिनीवर उतरणार होतं, ते एका एलईडीने फिरवलं. एवढ्याशा कामाला सुटं सामान किती लागतं, हे त्या दुकानदारांना विचारायचं राहून गेलं. बहुधा त्यांच्या बिलात तेवढ्या लहान रकमेचा रकानाच नसावा.

मग मल्टीमीटर. इथे बहुतेकजण चुकतात, कारण ते मीटर डी.सी. वर ठेवतात. डी.सी. वर तुम्ही सज्जनच दिसणार. मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवायचा आणि आधी इंजिन बंद असताना बॅटरीला लावून बघायचा. काही स्वस्त मीटर ए.सी. वरसुद्धा डी.सी. चा आकडा दाखवतात; तसा मीटर या कामाला निरुपयोगी. शून्य दाखवलं की इंजिन चालू करायचं, हेडलाइट आणि पंखा लावायचा, आरपीएम थोडे वाढवायचे. आणि थंडीचे दिवस असतील तर जरा थांबायचं, कारण या इंजिनाला हवा तापवणारा हीटर असतो आणि सुरू केल्यावर काही वेळ तो लागत-सुटत राहतो. तोवरच्या आकड्याला अर्थ नाही. मग अल्टरनेटरच्या जाड तारेवर मोजायचं. आकडा शतांशांत घुटमळला तर ठीक. दशांशांत चढला की तुमच्या घरावर छापा घालायला हरकत नाही. तुमचा चढला होता.

खात्रीसाठी शेवटचा उपाय. इंजिन बंद करून अल्टरनेटरचा छोटा, दोन तारांचा प्लग काढायचा, टेप लावून बाजूला बांधायचा आणि दिवसाउजेडी, दिवे-पंखे बंद ठेवून जवळच एक फेरी मारायची. दोन बॅटऱ्या तेवढं निभावून नेतात. चार्जिंगचा दिवा लागेल, तो लागायलाच हवा. काटा एकदम शांत झाला तर संपलं, गुन्हेगार अल्टरनेटरमध्येच. चालू इंजिनवर बॅटरीची तार मात्र कुणी काढू नये. त्या धक्क्याने व्होल्ट उसळतात आणि संगणक जातो, मग तुम्ही पकडले जाल पण गाडी उभी राहील. त्या फेरीत माझा काटा पाटीवर रंगवल्यासारखा स्थिर होता.

तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून इतर संशयितांचीही नावं घेतो. ब्रेकचा स्विच नीट बसला नसेल तर तोही लॉकअप तोडतो. अॅक्सिलरेटरचा सेन्सर झिजला की त्याचा निरोप एका ठरावीक जागी उडी मारतो. थर्मोस्टॅट उघडा राहिला तर इंजिन तापतच नाही आणि संगणक लॉकअप द्यायलाच टाळाटाळ करतो. आणि कन्व्हर्टरही काही संत नाही. ५७० न्यूटन-मीटर टॉर्कच्या इंजिनामागे वर्षानुवर्षं ट्रेलर ओढला की त्याचा क्लच घासतोच. मग लॉकअप लागताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते, ऑइलला करपट वास येतो आणि स्कॅनरवर पी०७४० हा कोड दिसतो. त्या दिवशी ट्रान्समिशन उतरवणं रास्त. ऑइलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या ट्रान्समिशनचं ऑइल इंजिन चालू आणि गरम असताना, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मोजायचं. पार्कमध्ये मोजणारे पुष्कळ आहेत. पार्कमध्ये या जातीच्या ट्रान्समिशनमध्ये कन्व्हर्टरकडे ऑइल नीट फिरत नाही, त्यामुळे आकडा चुकतो. पण हा तुमचा गुन्हा नव्हे, उगाच तुमच्या खात्यावर घालत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल, अमेरिकेतल्या जुन्या पिकअपचं दुखणं आपल्याला काय करायचंय. आपल्याकडे पुढाऱ्यांच्या दारात उभ्या असलेल्या डिझेल ऑटोमॅटिक फॉर्च्युनरमध्येही टॉर्क कन्व्हर्टरच असतो आणि तिथेही लॉकअपचा हुकूम संगणकच देतो. ती गाडी झटके द्यायला लागली तर दोष चालकाचा, असं ठरवून ड्रायव्हर बदलण्याची सोय आपल्याकडे आहे. डायोडला ती सोय फार आवडेल.

असो. तुमचा अल्टरनेटर उतरवला आहे. नवा बसवून ए.सी. चा आकडा पुन्हा मोजला, शतांशांत आला. काटा आता हलत नाही. ट्रान्समिशन जिथे होतं तिथेच आहे, त्याला पान्याचा स्पर्शही झालेला नाही. इकडच्या रिवाजाप्रमाणे जुना अल्टरनेटर परत दिला की अनामत रक्कम मिळते, म्हणून तुम्हांला दुकानात जमा केलं आहे. तिथे तुमची डायोड प्लेट बदलतील अशी आशा करतो. नाहीतर वरून घासून, रंग फासून, ‘रिबिल्ट’ असा शिक्का मारून तुम्हांला पुन्हा फळीवर मांडतील, आणि तुमच्या हातांनी आणखी एखादं ट्रान्समिशन जमिनीवर येईल. तुमच्यासारख्यांचं पुनर्वसन फार लवकर होतं.

कळावे. लोभ नसावा.

तुमचा माजी यजमान,
एक पिकअपवाला
कोलंबस, इंडियाना

ता. क. हे वाचकांसाठी. लॉकअप सुटतोय म्हणून ट्रान्समिशन उतरवायला कुणी सही मागितली, तर आधी दोन गोष्टी मागा: सोलेनॉइडच्या तारेवरचा दिवा स्थिर होता का, आणि अल्टरनेटरवर ए.सी. किती मोजला. दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर गाडीची किल्ली मागून घ्या.